घैसासांची बारावी चौकट

घैसासांकडे चहाला गेलं की पहिला कप कधी पाहुण्याला मिळत नसे. ते कपावर गाळणी धरून कोरा चहा ओतायचे, कप खिडकीच्या उजेडात धरून निरखायचे आणि तसाच परत किटलीत रिकामा करायचे. मग गाळणी न झटकता, तिच्यात बसलेल्या चोथ्यावरूनच दुसऱ्यांदा ओतायचे. दूध-साखर त्यानंतर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, कपात माशी पडली असावी आणि गृहस्थ संकोचानं बोलत नसावेत. दुसऱ्या खेपेलाही माशी पडली तेव्हा मात्र मी विचारलं.

"लिमये, गाळणी काही गाळत नसते बरं का," ते म्हणाले. "गाळणीवर बसलेला थर गाळतो. थर बसायच्या आधी जे खाली येतं ते गढूळच. म्हणून पहिलं पाणी परत."

'पहिलं पाणी परत' हा घैसासांचा गुरुमंत्र होता आणि तो त्यांनी चहापुरता ठेवला नव्हता. ते वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं वाचत. ताजी बातमी गढूळ असते, तिला एक रात्र बसू द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी आमच्याकडचा पेपर रोज सकाळी शिळा होऊन त्यांच्याकडे जाई. आता ही शास्त्रावरची निष्ठा म्हणायची की काटकसर, हे मी तीन वर्षांत ठरवू शकलो नाही. सिनेमाला येता का म्हणून विचारलं की ते आधी 'नाही' म्हणत. दहा मिनिटांनी विचार निवळून 'हो' होई, पण तोवर आमचा टांगा स्टेशन रोडला लागलेला असे.

मी विम्याच्या कचेरीतला बदलीचा माणूस. पन्नासचं दशक संपता संपता जयपूरला आलो आणि बनी पार्कात माथुरसाहेबांच्या घराचा पुढचा भाग भाड्यानं घेतला. मागच्या अंगणाकडच्या दोन खोल्यांत घैसास एकटेच राहत. शिडशिडीत अंगकाठी, कानावर पेन्सिल, खाकी पँट आणि तिच्या खिशात निरनिराळ्या कापडांचे चौकोनी तुकडे. बस्सीच्या बाजूला आग्रा रोडवर एक लहानसा कारखाना होता, तिथे ते फिल्टर डिझाइन करायचे. दाबाचे फिल्टर. रंगाच्या कारखान्यांना, तेलाच्या घाण्यांना, साखरेला लागतात ते. घट्ट आणि पातळ एकत्र झालेलं असतं, ते दाब देऊन कापडातून ढकलायचं. पातळ पलीकडे जातं, घट्ट अलीकडे राहतं. एवढ्या एका वाक्याच्या कामात या माणसानं वीस वर्षं घालवली होती आणि अजून ते वाक्य त्यांना पुरतं उमगलेलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगत.

कापडाचं तर त्यांना वेडच. कुणाशीही बोलताना त्यांची दोन बोटं नकळत समोरच्याच्या सदऱ्याची बाही चोळू लागत. एका मुंजीत त्यांनी मुलाच्या मामाचा नवा कोट असा दोन मिनिटं चोळला आणि मान हलवून म्हणाले, "यातून रंग गळेल. तेल नाही गळायचं." मामा बिचारे आपला कोट उन्हात नेऊन बघत होते. बायका त्यांच्यापासून चार हात लांब बसत, आणि त्यात बायकांची काही चूक होती असं मला वाटत नाही.

माणसांचेही त्यांनी प्रकार पाडले होते. काही माणसं नुसती टांगून ठेवल्यावर आपोआप निथळतात. काही दुसऱ्याकडून ओढून घेतात, ती व्हॅक्यूमवाली. आणि काही दाबाची. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी बापट व्हॅक्यूममध्ये मोडत, कारण वर्गणी. बापटांचे पणजोबा संस्थानच्या काळात जयपूरला आले होते, त्यामुळे बापटांचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीला भेटायला जाई. "मतलब, घैसासजी, मी कोणत्या प्रकारात?" असं त्यांनी एकदा विचारलं. घैसासांनी आधी "दाबाच्या" म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटांनी, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, उत्तर दुरुस्त केलं.

घैसास मूळचे मिरजेचे. त्यांची बायको, सुमतीवहिनी, तिथे मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. घैसास जयपूरला आले तेव्हा त्यांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून वहिनी मागे राहिल्या. पाच वर्षांनी आई गेल्या. ती गोष्ट आम्ही येण्याच्या दोन वर्षं आधीची. तेव्हापासून वहिनी 'येणार' होत्या. दिवाळीत येणार, मेच्या सुट्टीत येणार, पाडव्याला तर नक्कीच येणार. घैसासांच्या खोलीत दोन पाट, दोन ताटं, दोन पाण्याचे तांबे होते. एक तांबा रोज घासून पालथा ठेवलेला असे. मंडळातल्या बायकांत अशी कुजबुज होती की मिरजेत कुणी सुमती नाहीच. गृहस्थानं लग्नाच्या कटकटीतून सुटण्यासाठी बायको कल्पनेनं उभी केली आहे. माझ्या बायकोला हे पटत नसे. "कल्पनेतल्या बाईला कुणी दर रविवारी चार-चार पानं लिहितं का?" ती म्हणे. आणि ती चार पानं ते दोनदा लिहीत. पहिलं पत्र फाडून टाकायचं, दुसरं पोस्टात.

मला त्या पत्रांचा हेवा वाटे. मी माझ्या बायकोला माहेरी लिहिलेली पत्रं आठवून पाहिली. त्यांत पोस्टातून आलेल्या बिलांखेरीज काही नव्हतं.

आता श्रीखंडाबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पाडव्याच्या सुमारास जयपूरची हवा अशी कोरडी आणि गरम होते की चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून टांगलं, तर बाहेरून पापुद्रा धरतं, आतलं पाणी आतच राहतं, आणि ते गळेगळेपर्यंत सगळं आंबट होऊन जातं. वर कितीही साखर घाला. दर पाडव्याला दहा-अकरा मराठी घरांतून तोंडं वेडीवाकडी होत आणि सगळे एकमेकांना "छान झालंय हं" म्हणत. आमच्या पहिल्या पाडव्याच्या आधी घैसासांनी जाहीर केलं की यंदाचा चक्का ते करणार, दाबानं.

त्यांनी सागवानाचा एक छोटा फिल्टर प्रेस बनवला होता. मोठ्या कारखान्यात असतो तसाच, फक्त पाटावर मावेल एवढा. आधी एक खाचा पाडलेली फळी, तिच्यावर कापड, मग एक पोकळ चौकट, मग पुन्हा फळी, अशी ओळ. आणि शेवटी स्क्रूचं चाक फिरवून सगळं आवळायचं. हातपंपानं दही आत ढकललं की ते चौकटींत भरत जातं. पाणी कापडातून झिरपून खाचांतून खाली येतं आणि प्रत्येक फळीच्या नळातून ओघळतं. चक्का चौकटीत राहतो. "दोन्ही कापडांवर थर वाढत येतो," ते बोट नाचवून सांगत, "आणि बरोबर मधोमध भेटतो. चौकटीची जाडी बेतानं धरावी लागते. जास्त धरली की दोन्ही थर भेटतच नाहीत, मधे नुसतं पातळ राहतं."

आधी बायकांनी मोडता घातला. एकीचं दही दुसरीच्या दह्यात मिसळणार म्हटल्यावर ब्राह्मणसभेत खळबळ माजावी तशी माजली. शेवटी चांदपोलच्या हलवायाकडून सगळ्यांचं मिळून दही आणायचं ठरलं. एका घराला एक चौकट. सगळ्या चौकटी सारख्या, त्यामुळे कुणाला जास्त, कुणाला कमी असं म्हणायची सोय राहिली नाही, आणि काही जणींना हेच खरं दुःख होतं.

चौकटी बारा होत्या. घरं अकरा.

त्या पहिल्या वर्षी बापटांनी घात केला. पंपाला घैसासांनी अगदी अलगद हात घातला होता. दाबाचा काटा जेमतेम हलत होता, नळांतून गढूळ पाणी थेंबथेंब येत होतं आणि घैसास ते पुन्हा पुन्हा दह्यात ओतत होते. बापटांना धीर निघेना. "हटा, मी करतो," म्हणून त्यांनी पंपाचा दांडा धरला आणि तालमीत उतरल्यासारखे भिडले. काटा सरकन चढला. कापडाची छिद्रं दह्यानं बुजली, पाणी थांबलं आणि दोन फळ्यांच्या सांध्यातून दह्याची एक सपाट धार निघाली. ती माथुरसाहेबांच्या नव्या चुन्यावर, बापटांच्या टोपीवर आणि पुढच्या रांगेतल्या तीन शालूंवर उतरली. घैसास रागावले नाहीत. रुमालानं चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "दाब हळूहळू. पहिल्यापासून जोर लावला तर कापड कायमचं आंधळं होतं."

हा त्यांचा दुसरा मंत्र. उरलेल्या दह्याचा चक्का मात्र असा उतरला की त्या दिवशी पहिल्यांदा "छान झालंय हं" खरं ठरलं. पुढच्या वर्षी कुणी पंपाला हात लावला नाही.

बाराव्या चौकटीचा विषय दुसऱ्या पाडव्याला निघाला. चौकट अर्धवट भरलेली ठेवायची नसते, दाब एका बाजूला पडून फळी तडकते. म्हणून जी वापरायची नाही तिच्याआधी घैसास एक बिनभोकाची फळी घालत. तिला ते आंधळी फळी म्हणत. दही तिच्यापलीकडे जातच नाही. अकरा चौकटी, मग आंधळी फळी, मग ती बारावी, कोरी, कापड घातलेली, सगळ्यांबरोबर आवळलेली. प्रेस धुवायच्या वेळी ते तीही धूत.

"मतलब, ही वापरायचीच नाही तर काढून ठेवा ना," बापट म्हणाले.

"डिझाइन बाराचं आहे," घैसास म्हणाले. मग दहा मिनिटांनी, कुणी विचारलं नसताना: "सुमती आली की लागेल."

बायकांची कुजबुज त्या दिवसापासून बंद पडली.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या मेहुणीचं लग्न सांगलीला होतं. मिरज तिथून हाकेच्या अंतरावर. निघायच्या आदल्या दिवशी घैसासांनी एक सांगानेरी साडी आणून दिली, बारीक बुट्ट्यांची. ती सुमतीला द्या म्हणाले. मी विचारलं, काही निरोप? त्यांनी विचार केला. "सोयीनं ये म्हणावं." मी दहा मिनिटं थांबलो. उत्तर बदललं नाही.

सुमतीवहिनी खऱ्या होत्या. ब्राह्मणपुरीत एका माडीवर राहत होत्या. उंच, सावळ्या, खडूची बोटं पदराला पुसण्याची सवय. मी कोण ते सांगताच त्यांनी बसायला पाट मांडला आणि माझ्या मुलीच्या दाताचं दुखणं, माथुरसाहेबांचा चुना, बापटांची टोपी, सगळ्याची चौकशी केली. साडी हातात घेऊन त्यांनी दोन बोटांत तिचा पदर चोळला. मग चहा केला. गाळणी कपावर धरली, कप भरला, उजेडात बघितला आणि परत पातेल्यात ओतला.

चारएक मुलुखांपलीकडे, तीन गाड्या बदलून गाठावं लागतं त्या घरात, तोच पहिला कप परत जात होता.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही येत का नाही?"

"बोलावलं की येईन."

मी म्हणालो, ते तर रोज तुमची वाट पाहतात, दर रविवारी पत्र लिहितात. त्या उठल्या आणि फडताळातून पत्रांचे गठ्ठे काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. वर्षावार, नाडीनं बांधलेले.

"बंद टाकीत जाळीची पानं टांगतात तो फिल्टर असतो ना, त्यात दोन पानांत अंतर किती ठेवायचं, मला विचारा," त्या म्हणाल्या. "थर चढला तरी पानं एकमेकांना चिकटू नयेत एवढं. मेणबत्त्यांसारख्या नळ्यांचा असतो तो धुवायचा कसा, विचारा. सगळं पाठ आहे मला. नऊ वर्षांत ह्यांनी एक पंप माझ्यापासून लपवलेला नाही. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी काय, तर 'सोयीनं येणे'. सोयीनं म्हणजे काय हो, लिमये? सासूबाई होत्या तोवर सोय नव्हती. त्या गेल्या, तेरावं झालं, हे परत निघाले. मी ट्रंक भरून दाराआड ठेवली होती. म्हणाले, सोयीनं ये. गाडी गेल्यावर मी ती रिकामी केली. माणसाला नको असलं की सोय बघायला सांगतात, नाही का?"

मला बाराव्या चौकटीचं सांगायचं होतं. मी सांगितलंही. त्या ऐकत राहिल्या, पण ते मी सांगत होतो आणि त्यांना माझ्याकडून ऐकायचं नव्हतं. निघताना त्यांनी मेतकुटाचा डबा दिला. निरोप काही दिला नाही.

जयपूरला परतलो त्या संध्याकाळी मी घैसासांकडे गेलो. थंडी सुरू झाली होती. ते किटली ठेवत होते. मी एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं, ट्रंकेचंही. मला थोडा रागच आला होता. दोन शहाणी, प्रेमळ माणसं एकमेकांची सोय बघत नऊ वर्षं घालवतात, याला काय म्हणायचं?

त्यांनी किटलीत चहाची पूड टाकली आणि झाकण ठेवलं.

"मला वाटलं, तिच्यावर दाब पडेल," ते म्हणाले. "शाळा आहे, तिथली माणसं आहेत. मी ये म्हटलं असतं तर ती आलीच असती, मनाविरुद्ध आली असती. म्हणून म्हटलं, दाब हळूहळू. हळूहळू म्हणता म्हणता मी पंपाला हातच लावला नाही, लिमये."

मग त्यांनी कपावर गाळणी धरली, चहा ओतला आणि तो पहिला, गढूळ, तळाशी चोथा उतरलेला कप तसाच माझ्या हातात दिला. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी तो पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ते मला घेऊन तारघरात गेले. फॉर्मवर पत्ता लिहिला आणि खाली दोन शब्द: 'निघून ये.' खिडकीतल्या बाबूनं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. घरात कुणी आजारी आहे का, त्यानं विचारलं. तारा लोक दोनच कारणांसाठी करतात आणि त्यातलं हे बरं कारण होतं. घैसास म्हणाले, सगळे ठीक आहेत. तर मग साहेब चिठ्ठी लिहा, बाबू म्हणाला, खर्च कशाला करता?

"चिट्ठी नौ साल लिखी, भैयाजी," घैसास म्हणाले. "अब तार कर दीजिए।"

मी दहा मिनिटांची वाट पाहत होतो. ते दुरुस्ती करायला परत फिरतील अशी मला खात्रीच होती. पण ते सरळ सायकलकडे गेले आणि उलट्या बाजूनं चढायला लागले.

नवव्या दिवशी सवाई माधोपूरहून येणाऱ्या छोट्या गाडीतून वहिनी उतरल्या. हातात ट्रंक, अंगावर सांगानेरी साडी. चेहरा प्रवासानं आणि काळजीनं ओढलेला. घैसास तासभर आधीपासून फलाटावर उभे होते आणि गाडी आल्यावर नेमके भलत्या डब्याकडे धावले. वहिनीच त्यांना शोधत आल्या.

"तार बघून हातपाय गार पडले माझे," त्या म्हणाल्या. "म्हटलं ह्यांना काय झालं. मिरज ते मुंबई दर स्टेशनावर मी ती काढून वाचत होते. कल्याणला कळलं की एवढंच आहे."

"एवढंच आहे," घैसास म्हणाले, आणि ट्रंक उचलून चालू लागले. हमाल हाका मारत मागून येत होता, त्यांना ऐकूच गेलं नाही.

वहिनींनी शाळेतून वर्षाची रजा घेतली होती. पुढे ती कधी वाढली आणि कधी राजीनामा झाली, ते आम्हाला कळलं नाही. दर रविवारी सकाळी त्या मंडळातल्या मुलांना अंगणात बसवून मराठी शिकवू लागल्या. आमची मुलगी "मतलब" शिवाय वाक्य सुरू करायला लागली. बापटही मागच्या रांगेत येऊन बसत.

तिसऱ्या पाडव्याला घैसासांनी सगळ्यांसमोर आंधळी फळी काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. स्क्रूचं चाक आवळलं. मग पंपाचा दांडा त्यांनी वहिनींच्या हाती दिला. त्या बाईनं तो प्रेस आधी कधी चालताना पाहिलेला नव्हता, पण पत्रांतून तिला तो इतका पाठ होता की काटा एका लयीत, बोटभर बोटभर चढत गेला. नळांतून गढूळ पाणी आलं, त्यांनी ते परत ओतलं. घैसास शेवटच्या नळापाशी उकिडवे बसले होते. दहा नळ निवळ वाहायला लागले, अकरावा लागला. बारावा अजून ठिबकत होता.

"अगं, जरा जोरात," घैसास म्हणाले.

"दाब हळूहळू," वहिनी म्हणाल्या.

अंगणभर हशा पिकला. घैसास हसले नाहीत. ते त्या नळाकडे बघत होते, आणि त्यातून स्वच्छ पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी त्याच्याखाली ओंजळ धरली. डोळ्यांत पाणी असलेला माणूस दह्याचं पाणी ओंजळीत धरून बसला आहे, हे दृश्य तसं हास्यास्पदच. माझी बायको मात्र पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

त्याच उन्हाळ्यात माझी नागपूरला बदली झाली. सगळे म्हणाले, सुटलात, आपल्या मुलखात चाललात. आपल्या मुलखात आलो खरा. इथे चक्का दुकानात मिळतो, आंबट नसतो, शेजारी मराठीच बोलतात आणि पहिला कप पाहुण्याला देतात. दर संध्याकाळी मला त्या मागच्या अंगणाची आठवण येते. लिंबाखालचा तो टिनाचा आडोसा, बस्सीच्या बसनं परतलेल्या घैसासांची पावलं आणि सकाळी आमच्या पेपराची घडी मागायला दारात आलेला त्यांचा हात. बदलीच्या माणसानं असं कुठे गुंतू नये म्हणतात. मी पंधरा गावं केली, कुठे गुंतलो नाही. तिथे गुंतलो.

गेल्या आठवड्यात घैसासांचं पत्र आलं. चार पानं. तीन पानं एका नव्या फिल्टरबद्दल, त्यातलं मला फार काही कळलं नाही. चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'पाडवा महिन्यावर आला; तुमची चौकट ओळीतून काढून शेवटी सरकवली आहे आणि तिच्याआधी आंधळी फळी घातली आहे. नवीन भाडेकरू मराठी नाहीत. बापट म्हणतात, ती चौकट काढूनच ठेवा. मी त्यांना म्हणालो, डिझाइन बाराचं आहे.' आणि अगदी खाली, सही करायच्या आधी, दोन शब्द होते.

'निघून या.'

मी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं. तिनं उठून मुलीचे जाड कपडे उन्हात टाकायला काढले. चैत्रात जयपूरला जाड कपडे लागत नाहीत हे तिला ठाऊक असूनही.

मी उत्तर लिहायला बसलो. मार्चअखेर असते, विम्याच्या कचेरीत रजा मिळणं अवघड. 'रजेचं बघतो, जमलं तर सोयीनं येतो,' असं लिहिलं, सही केली आणि वाचून पाहिलं. मग ते पत्र फाडलं.

दुसऱ्या पत्रात गाडीची वेळ लिहिली.